स्पेल, स्लॉट, कँट्रिप: नवशिक्या जादूगाराला मंत्र निवडताना कोणते शब्द द्यावेत?

आमच्या गटात डंजन्स अँड ड्रॅगन्सचे (काल्पनिक पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायच्या खेळाचे) नियम मी तोंडी मराठीत सांगतो. पहिल्यांदाच खेळायला बसलेल्या एकीने विझर्ड, म्हणजे जादूगाराचं पात्र, घेतला. मंत्रांची यादी वाचून दाखवताना मी ‘चार्म पर्सन’ला ‘वशीकरण’ म्हणालो. तिने तो मोठ्या आशेने निवडला, दारावरच्या पहारेकऱ्यावर चालवला आणि हुकूम सोडला, “किल्ल्या दे, शस्त्र खाली ठेव.” पहारेकरी तयार होईना. नियमात एवढंच आहे की समोरच्याला तुम्ही ओळखीचे, स्नेहाचे वाटता. हुकूम पाळायला तो बांधलेला नसतो, आणि अंमल उतरला की आपल्यावर मंत्र चालवला होता हेही त्याला कळतं. तिचा मंत्र वाया गेला तो माझ्या शब्दामुळे. ‘भुरळ’ म्हणालो असतो तर ती त्याच्याशी गप्पा मारायला गेली असती. भुरळ पडलेला माणूस ताब्यात येत नाही, बोलण्यात येतो.

नवा खेळाडू मंत्र नावावरून निवडतो, नियमाचा परिच्छेद नंतर वाचतो. म्हणून हे शब्द नीट ठरवावेत असं वाटतं. माझे काही पर्याय मांडतो.

कँट्रिप म्हणजे कितीही वेळा करता येणारी छोटी जादू. तिला मी ‘हातचा’ म्हणतो. बेरजेतला हातचा, आणि ‘हातचा राखून’मधलाही. विझर्डला सुरुवातीला तीन हातचे मिळतात. नवशिके तिन्ही मारामारीचे घेतात, तिथे मी अडवतो. फायर बोल्टसारखा एक पुरतो. दुसरा मेज हँड: तीस फुटांपर्यंत जाणारा अदृश्य नसलेला, पण भुतासारखा तरंगता हात, दहा पौंडांपर्यंतची वस्तू उचलतो. संशयास्पद पेटीचं झाकण त्याने उघडावं. तिसरा उजेडाचा, किंवा आपल्या पात्राला अंधारात दिसत असेल तर मायनर इल्यूजन, म्हणजे छोटासा भास.

‘डिटेक्ट मॅजिक’ला ‘जादू ओळखणे’ म्हणू नये. तीस फुटांत जादू आहे याची त्याने जाणीव होते, फार तर ती कोणत्या प्रकारची हे कळतं, म्हणून ‘चाहूल’. वस्तू नेमकी काय करते हे सांगणारा ‘आयडेंटिफाय’ वेगळा, ‘ओळख’ हा शब्द त्याच्यासाठी राखावा. त्याला शंभर सुवर्णनाण्यांचा मोती लागतो. पहिल्या दिवशी तो कुणाकडे नसतो, त्यामुळे तो निवडण्याची घाई नको.

अडलोय ते ‘स्लॉट’ (मंत्र चालवला की खर्च होणारी, दिवसाला मोजकीच मिळणारी संधी) आणि ‘कॉन्सन्ट्रेशन’ (चालवलेला मंत्र टिकवायला लक्ष धरून ठेवणं) यांपाशी. सुचवा.

प्रतिसाद:
‘स्लॉट’ला खण, कप्पा वगैरे नकोच. खण म्हटलं की त्यात ठरावीक वस्तू ठेवलेली असते असं वाटतं. १९७४ साली हा खेळ निघाला तेव्हापासून बराच काळ नियम तसाच होता: सकाळी एकेका जागेत एकेक मंत्र पाठ करून भरायचा, म्हटला की तो विसरला जायचा. तेव्हा खण चपखल बसला असता. २०१४च्या नियमांत तयार मंत्र वेगळे मोजतात आणि स्लॉट वेगळे. तयार असलेला कोणताही मंत्र त्याच्या पातळीच्या किंवा वरच्या पातळीच्या कोणत्याही स्लॉटमधून निघतो.

मी ‘बार’ म्हणतो. बंदुकीचा बार. पहिल्या पातळीच्या विझर्डकडे दिवसाला दोन बार. तो उडाला की उडाला, कोणता उडवायचा ते आयत्या वेळी ठरतं. शिवाय ‘फुसका बार’ आपल्याकडे आहेच. शत्रूचा सेव्हिंग थ्रो (मंत्रातून वाचायला त्याने टाकायचा फासा) लागला की बरेचदा मंत्र फुसका.

नवीन माणसाला मी एका वाक्यात सांगते: पोथीत सहा, ओठांवर चार, बार दोन. (पोथी म्हणजे मंत्रांची वही, ओठांवरचे म्हणजे त्यांतले त्या दिवसासाठी तयार केलेले; चार हे २०१४च्या नियमांत बुद्धिमत्ता सोळा असेल तर.) ‘सिद्ध मंत्र’ हा शब्द मुद्दाम टाळते. सिद्ध म्हणजे ‘तयार’ आणि सिद्ध म्हणजे ‘कायमचा साधलेला’ अशा दोन्ही अर्थांत नवखा गोंधळतो.

प्रतिसाद:
बार मारामारीला शोभतो, पण स्वतःच्या अंगावर कवच चढवण्यासाठी ‘बार उडवला’ कसं म्हणायचं? मला ‘दम’ बरा वाटतो. दोन दम आहेत, एक खर्च झाला.

सेव्हिंग थ्रोसाठी मात्र माझ्याकडे पक्का शब्द आहे: ‘निभाव’. निभाव लागला, निभाव लागला नाही. एकदा हा शब्द रुळला की निवड सोपी होते, कारण मंत्र आपोआप वेगळे पडतात. काही नेमाचे, जादूगाराने फासा टाकून नेम साधायचा. काही निभावाचे, फासा शत्रूने टाकायचा. आणि थोडेसे असे की दोन्ही लागत नाहीत. नवशिक्याने या तिसऱ्या ढिगातला एक तरी घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. मॅजिक मिसाइलचे तीन बाण सुटतात, प्रत्येकी चार बाजूंचा एक फासा अधिक एक, सरासरी एकूण साडेदहा इजा, आणि चुकत नाहीत. त्याला ‘रामबाण’ म्हणा.

‘स्लीप’ही २०१४च्या नियमांत याच ढिगात होता. आठ बाजूंचे पाच फासे टाकायचे, जी बेरीज येईल तेवढ्या प्राणबिंदूंचे शत्रू झोपतात, सर्वांत कमजोर आधी. सरासरी साडेबावीस, म्हणजे सात-सात बिंदूंचे तीन गॉब्लिन आडवे. एल्फ मात्र झोपत नाहीत. २०२४च्या नियमांत त्याला निभाव आला, शिवाय ध्यान धरून ठेवावं लागतं. त्यामुळे जुन्या खेळाडूने “स्लीप घेच” म्हटलं तर कोणत्या नियमांनी खेळतोय ते आधी विचारावं.

प्रतिसाद:
कॉन्सन्ट्रेशनसाठी ‘अवधान’. ‘धारणा’ खरं तर मुळापासून बरोबर आहे, धरून ठेवणं हाच धातू आहे, पण आज धारणा म्हणजे समजूत. अवधानाचा फायदा असा की जोडीला ‘व्यवधान’ तयार मिळतं. अवधान एका वेळी एकाच मंत्रावर. मार बसला की व्यवधान आलं, शरीराच्या बळावर निभाव: दहा किंवा इजेच्या निम्मे, जो आकडा मोठा तो गाठायचा. नाही गाठला तर मंत्र सुटला.

नवख्याच्या ओठांवर चारही मंत्र अवधानाचे असतील तर ती निवड फसली, कारण दुसरा चालवला की पहिला सुटतो. यादीत अशा मंत्रांपुढे ‘अव’ लिहून ठेवायची सवय लावा.

आणि एक आक्षेप. स्पेलला सरसकट ‘मंत्र’ म्हणता, पण मंत्र उच्चारावा लागतो. वर आलेल्या मायनर इल्यूजनला उच्चार नाहीच, फक्त हातवारे आणि लोकरीचा पुंजका. लपून बसलेल्याला तो आवाज न करता वापरता येतो, आणि ‘मंत्र’ ऐकून नव्या खेळाडूला हे कधीच सुचणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
आक्षेप मान्य, तरी ‘मंत्र’ सोडवत नाही. ‘जादू’ मोजता येत नाही. “मी चार जादू शिकले” कानाला खटकतं, “चार मंत्र शिकले” खटकत नाही. न उच्चारण्याच्या मंत्रांना ‘मुके मंत्र’ म्हणू आणि यादीत तसं लिहू.

अवधान-व्यवधान लगेच घेतलं. निभावही. बार आणि दम दोन्ही बोलून पाहिले. ‘दम’ म्हटल्यावर खेळाडूंना वाटलं की थोडं बसलं की दम परत येतो. विझर्डचे सगळे दोन-तीन तास टेकून परत येत नाहीत, रात्रभराची विश्रांती लागते. म्हणून बार. कवचाच्या बाबतीत “एक बार कवचाला गेला” असं म्हणतो, ते खपून जातं. मेज आर्मर आठ तास टिकतं आणि अवधानही मागत नाही, त्यामुळे तो बार मला वाया गेल्यासारखा वाटत नाही. ‘शील्ड’ला ‘ढाल’ ठेवली आहे. ती घाव पडता पडता पुढे करायची, संरक्षणात पाचाची भर, तीही आपली पुढची पाळी येईपर्यंतच.

रिच्युअलला ‘विधी’ म्हणतोय. दहा मिनिटं जास्त लागतात, पण बार खर्च होत नाही, आणि विझर्डला तो पोथीतूनच करता येतो. म्हणून चाहूल पोथीत हवी, ओठांवरची जागा तिला नको. त्या मुलीच्या नव्या यादीत ओठांवर रामबाण, ढाल, कवच आणि भुरळ आहेत. भुरळ तिने स्वतःहून पुन्हा घेतली.