स्वतःला कमी कष्टांत बनवता येतं, तरी बाहेरून का घ्यायचं?

गुणोत्तर (धागाकर्ता)

आयातीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ही वस्तू आपण त्यांच्यापेक्षा कमी कष्टांत बनवतो, मग बाहेरून आणायची कशाला?" माझ्या मते इथे तुलनाच चुकीच्या दोन आकड्यांची होते. आपला खर्च त्यांच्या खर्चाशेजारी ठेवून काही ठरत नाही. ती वस्तू बनवताना आपल्याला दुसरं काय सोडावं लागतं आणि त्यांना काय सोडावं लागतं, हे शेजारी ठेवायचं. यालाच संधी खर्च म्हणतात.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये मांडलेले आकडेच घेतो. ठराविक कापडासाठी इंग्लंडमध्ये 100 माणसांचं वर्षभराचं काम लागतं, ठराविक वाइनसाठी 120 माणसांचं. पोर्तुगालमध्ये कापडाला 90 आणि वाइनला 80. दोन्हींत पोर्तुगाल सरस. आता भागाकार करा. इंग्लंडला वाइनचं एक माप बनवायचं तर कापडाची 1.2 मापं सोडावी लागतात. पोर्तुगालला 80 भागिले 90, म्हणजे साधारण 0.89. वाइन पोर्तुगालला स्वस्त पडते ती या अर्थाने. कापडाचा संधी खर्च याच्या बरोबर उलटा, पोर्तुगालला 1.125 मापं वाइन आणि इंग्लंडला 0.83. एक आकडा दुसऱ्याचा व्यस्त असल्यामुळे एकच देश दोन्ही वस्तूंत तुलनात्मक लाभ, म्हणजे दुसऱ्यापेक्षा कमी संधी खर्च, मिळवूच शकत नाही.

एकास एक अदलाबदल झाली तर इंग्लंडला 120 ऐवजी 100 माणसांच्या कामात वाइन मिळते, पोर्तुगालला 90 ऐवजी 80 माणसांच्या कामात कापड. अनुक्रमे 20 आणि 10 माणसांचं वर्ष मोकळं झालं. नवं यंत्र आलेलं नाही, कुणी जास्त राबलेलं नाही.

गणित करताना सगळ्यात जास्त चूक होते ती तक्ता वाचण्यात. "एका नगाला किती तास" असा तक्ता असेल तर वाइनचा संधी खर्च म्हणजे वाइनचे तास भागिले कापडाचे तास. "एका तासात किती नग" असा असेल तर भागाकार उलटा होतो, कापडाचे नग भागिले वाइनचे नग. हे न पाहता सूत्र लावलं की निष्कर्ष नेमका उलटा येतो आणि तो दिसायला तितकाच बरोबर दिसतो.

उलटतपासणी

भागाकार बरोबर आहेत, त्यावर वाद नाही. वाद आहे तो तक्त्याबाहेर काय राहिलं यावर.

रिकार्डोने त्याच प्रकरणात एक अट घातली आहे, ती तुम्ही गाळलीत. त्याचं म्हणणं असं की भांडवल आणि मजूर सहज सीमा ओलांडू शकले असते तर कापड आणि वाइन दोन्ही पोर्तुगालमध्ये बनवणंच इंग्लंडच्या भांडवलदारांच्या आणि ग्राहकांच्याही फायद्याचं ठरलं असतं. परक्या मुलखातल्या असुरक्षिततेमुळे भांडवल सहसा घर सोडत नाही, म्हणून तुलनात्मक खर्चाचा नियम चालतो. आज आख्खी उत्पादनसाखळी उचलून दुसऱ्या देशात मांडता येते. मग नियमाचा पाया कुठे उरला?

दुसरं, ती 20 माणसं "मोकळी" झाली म्हणता. द्राक्षं छाटणारा माणूस मागावर बसून दुसऱ्या दिवशी कापड काढत नाही. तक्त्यात ते एका ओळीत होतं, कारण तक्त्यात वय नाही, कौशल्य नाही, घर नाही.

तिसरं, एकास एक हा दर तुम्ही निवडलात. वाइनच्या एका मापाला कापडाची 0.89 ते 1.2 मापं, यांमध्ये दर कुठेही असू शकतो. तो 0.9 ला ठरला तर जवळजवळ सगळा फायदा इंग्लंडच्या पदरात पडतो आणि पोर्तुगालच्या हाती भागाकारातला दुसरा दशांश उरतो.

दुहेरी नोंद

तिसऱ्या मुद्द्यावर सहमत. दर या पट्ट्यात नेमका कुठे बसेल हे रिकार्डोने सांगितलं नाही. त्याच्यानंतरचा अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने ते परस्पर मागणीवरून सोडवलं: ज्याला दुसऱ्याच्या मालाची ओढ जास्त, दर त्याच्या विरुद्ध सरकतो. लहान देश मोठ्याशी व्यापार करतो तेव्हा दर बहुधा मोठ्या देशाच्या व्यापारापूर्वीच्या अंतर्गत दराजवळ राहतो आणि फायद्याचा मोठा वाटा लहान देशाकडे जातो. लहानाचा हमखास तोटा होतो ही समजूत इथेच कोलमडते.

पण मला मजुरीचा हिशेब मांडायचा आहे, कारण "कमी मजुरीचा देश सगळंच स्वस्तात विकेल" ही भीती त्याशिवाय जात नाही. पोर्तुगालची वाइन स्वस्त पडायची तर पोर्तुगीज मजुरीची 80 पट ही इंग्लिश मजुरीच्या 120 पटीपेक्षा कमी हवी, म्हणजे पोर्तुगीज मजुरी इंग्लिश मजुरीच्या 1.5 पटीच्या आत. इंग्लंडचं कापड स्वस्त पडायचं तर तीच मजुरी 100 भागिले 90, म्हणजे 1.11 पटीच्या वर. या दोन मर्यादांत मजुरी असेल तरच दोन्हीकडून माल जातो. एकास एक दराला ती 1.25 पट येते.

ही मजुरी 1.11 च्या खाली गेली तर दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्येच स्वस्त. इंग्लंड नुसतं विकत घेत राहतं, पैसा बाहेर वाहतो, आणि हा ओघच इंग्लंडमधल्या किमती व मजुरी खाली आणि पोर्तुगालमधल्या वर ढकलतो. आज हे काम बहुतेक वेळा विनिमय दर करतो. बिघाड होतो तो दर आणि मजुरी दोन्ही अडकून बसतात तेव्हा. अशा वेळी मर्यादेबाहेरची स्थिती वर्षानुवर्षं टिकू शकते, आणि तिची किंमत बेकारीत मोजली जाते. हा दोष चलनव्यवस्थेचा, तुलनात्मक लाभाच्या माथी तो मारू नये.

भांडवल फिरतं या आक्षेपाने गुणोत्तरं बदलतात, पुसली जात नाहीत. जमीन, हवामान, कामगारांचं कौशल्य, कायद्याची विश्वासार्हता या गोष्टी भांडवलाबरोबर उठून जात नाहीत. मात्र फायदा कुणाला मिळतो हे भांडवलाच्या फिरण्याने खूप बदलतं, तिथे तुमचा मुद्दा खरा आहे.

तळटीप

दोन भर घालतो. एक, इंग्लंड-पोर्तुगाल जोडी निव्वळ बाजाराने जुळलेली नव्हती. 1703 च्या मेथुएन करारात पोर्तुगालने इंग्लिश लोकरी कापडाला दार उघडलं आणि इंग्लंडने पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी शुल्क लावायचं कबूल केलं. उदाहरण घेताना एवढं लक्षात असू द्यावं.

दोन, वाहतूक. दोन देशांच्या संधी खर्चांतली एकूण दरी 1.2 भागिले 0.89, म्हणजे 1.35 पट. कापड जाताना आणि वाइन येताना वाटेत जो हिस्सा खर्ची पडतो तो वजा जाता दोन्ही फेऱ्या मिळून किमान 74 टक्के उरायला हवेत. दोन्ही वेळा सारखंच नुकसान धरलं तर प्रत्येक फेरीत सुमारे 14 टक्क्यांच्या पुढे गेलं की व्यापार बंद, तुलनात्मक लाभ कागदावर शाबूत असूनही. आयात शुल्कही याच खात्यात बसतं. कंटेनरने जग बदललं ते यामुळे. 26 एप्रिल 1956 ला आयडियल एक्स हे जहाज 58 कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. त्यानंतर माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च इतका उतरला की पूर्वी पुसट असलेल्या फरकांवरही व्यापार परवडू लागला.

आणि "हे प्रत्यक्षात कधी मोजलंय का?" असं कुणी विचारण्याआधीच सांगतो. दोन शतकांहून अधिक काळ जवळजवळ बंद असलेला जपान 1859 पासून व्यापाराला खुला झाला. रेशीम आणि चहा बाहेर जाऊ लागला, सुती-लोकरी कापड आत येऊ लागलं. बर्नहोफेन आणि ब्राऊन या अर्थतज्ज्ञांनी त्या वेळच्या किमती आणि व्यापाराच्या आकड्यांवरून 2005 मध्ये अंदाज काढला: तुलनात्मक लाभामुळे झालेला फायदा राष्ट्रीय उत्पन्नाच्या जास्तीत जास्त 8 ते 9 टक्के.

उलटतपासणी

जपानचा आकडा तुम्हीच दिलात हे बरं झालं. 8-9 टक्के, तेही कमाल मर्यादा म्हणून, आणि पातळीत एकदाच झालेली वाढ. दरवर्षी तेवढी भर पडत नाही. वर्षाला 3 टक्के दराने वाढणारी अर्थव्यवस्था एवढं अंतर तीन वर्षांत कापते. म्हणून खरा प्रश्न असा आहे: कुठलं विशेषीकरण पुढच्या वाढीचा वेग वाढवतं? आजचं गुणोत्तर त्याचं उत्तर देत नाही.

दक्षिण कोरियाने पोलादाचा कारखाना काढायचं ठरवलं तेव्हा जागतिक बँकेने प्रकल्प व्यवहार्य मानला नाही. तेव्हाच्या गुणोत्तरांवरून तो निष्कर्ष चूक नव्हता. जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून पोहांगचा कारखाना उभा राहिला, 1973 मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि पुढे तो जगातल्या सर्वांत कार्यक्षम पोलाद कारखान्यांत गणला गेला. तुलनात्मक लाभ इथे सापडला नाही, घडवला गेला.

गुणोत्तर

घडवता येतो, मान्य. पण घडवण्याचाही संधी खर्च असतो आणि तो मोजता येतो. संरक्षण दिलेल्या उद्योगासाठी दोन चाचण्या आहेत. मिलची: काही काळाने तो संरक्षणाविना उभा राहील का? अर्थशास्त्रज्ञ बॅस्टेबलची: पुढची बचत आजचा तोटा व्याजासकट भरून काढेल का? पहिलीत उत्तीर्ण झालेले कितीतरी उद्योग दुसरीत नापास होतात.

समजा 8 वर्षं दरवर्षी 100 जादा मोजावे लागले आणि त्यानंतर कायमची वार्षिक बचत सुरू झाली. व्याजदर 6 टक्के असेल तर ती बचत किमान 59 हवी. व्याजदर 10 टक्के असेल तर 114, म्हणजे आजच्या वार्षिक तोट्यापेक्षाही जास्त. सूत्र सोपं आहे: (1 + व्याजदर) चा आठवा घात काढा, त्यातून 1 वजा करा, 100 ने गुणा. 8 ऐवजी 15 वर्षं लागली तर 10 टक्क्यांना हाच आकडा 318 होतो. भांडवल महाग असलेल्या देशात शिकायला लागणारं प्रत्येक वर्ष किती जड जातं ते यावरून दिसतं. कोरियात पाठिंबा निर्यातीच्या लक्ष्यांशी बांधलेला होता, म्हणून शिकण्याचा काळ आवरता राहिला. ही अट काढून फक्त आयात शुल्क उचललं तर मुदत संपतच नाही, कारण ती संपवण्यात त्या उद्योगाचा काहीच लाभ नसतो.

उलटतपासणी

ही चाचणी मला मंजूर आहे, एका दुरुस्तीसह. पोलाद कारखान्यात शिकलेला अभियंता उद्या जहाजबांधणीत जातो. ती बचत पोलादाच्या ताळेबंदात दिसत नाही, पण देशाच्या हिशेबात धरायलाच हवी.

आता माझा दुसरा मुद्दा, ज्याला कुणी हात लावला नाही: मोकळी झालेली माणसं. डिसेंबर 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. असेमोग्लू, ऑटर आणि सहकारी अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार 1999 ते 2011 या काळात चिनी आयातीच्या वाढीमुळे अमेरिकेत 20 ते 24 लाख नोकऱ्या गेल्या. त्या सगळीकडे सारख्या पसरून गेल्या नाहीत, फर्निचर, कापड, खेळणी अशा उद्योगांवर जगणाऱ्या मोजक्या भागांत गेल्या. तिथले लोक फारसे दुसरीकडे हललेही नाहीत. तिथली मजुरी आणि रोजगार दहा वर्षांनंतरही सावरलेले नव्हते. देशाचा एकूण फायदा होता म्हणून या माणसांचा तोटा खोटा ठरत नाही.

दुहेरी नोंद

खोटा ठरत नाहीच. स्टोल्पर आणि सॅम्युएल्सन या अर्थतज्ज्ञांनी 1941 मध्ये दाखवलं की देशात जो उत्पादन घटक (श्रम, जमीन किंवा भांडवल) तुलनेने दुर्मिळ, व्यापाराने त्याचं खरं उत्पन्न घटतं. घटतं म्हणजे कमी वेगाने वाढतं असं नव्हे, खरोखर खाली येतं. जिंकणाऱ्यांचा फायदा हरणाऱ्यांच्या तोट्याहून मोठा असतो, त्यामुळे भरपाई देऊनही शिल्लक उरते. पण "देता येते" आणि "दिली जाते" यांत जो खड्डा आहे, त्यात ही माणसं पडली.

अमेरिकेत व्यापारबाधित कामगारांसाठीची मदत योजना 1962 पासून होती. त्यात कामगारांना आपला कारखाना आयातीमुळे बंद पडला हे मान्य करून घ्यावं लागे, आणि भर पुनर्प्रशिक्षणावर. माझ्या मते दोन्ही चुकलं. नोकरी आयातीने गेली की यंत्राने, हे सिद्ध करण्यात महिने जातात, आणि पन्नाशीतल्या माणसाला वर्गात बसवून जुनी मजुरी परत येत नाही. 2002 मध्ये त्यात एक चांगलं कलम आलं, मजुरीचा विमा. वय 50 च्या पुढे, 26 आठवड्यांच्या आत नवी नोकरी, तिथली वार्षिक कमाई 50,000 डॉलरच्या आत, तर जुन्या-नव्या मजुरीतल्या फरकाचा अर्धा भाग दोन वर्षांपर्यंत, एकूण 10,000 डॉलरच्या मर्यादेत. यात लवकर कामाला लागण्याला बळ मिळतं, घरी बसण्याला नाही.

उलटतपासणी

पण दोन वर्षं आणि 10,000 डॉलर, जिथे फटका दहा वर्षं टिकतो तिथे? आणि जुलै 2022 पासून त्या योजनेत नव्या कामगारांना मान्यता मिळणंच थांबलं, कारण मुदत वाढवली गेली नाही. वयाची अट काढा, मुदत किमान पाच वर्षं करा, आणि आयातीचं कारण सिद्ध करायची सक्ती रद्द करा. एवढं आधी कायद्यात बसवलं तर शुल्क उतरवायला माझा विरोध नाही.

गुणोत्तर

"आधी" हा शब्द मला मान्य आहे. मूळ लेखात 20 माणसं मोकळी झाली असं लिहिलं होतं, तिथे ती पुन्हा कामाला लागेपर्यंतचा खर्च वजा करायला हवा होता. प्रत्येकाला सरासरी सहा महिने लागले तर पहिल्या वर्षी 20 पैकी 10 माणसांचं वर्ष त्यातच जातं. पूर्ण वर्ष लागलं तर पहिल्या वर्षी इंग्लंडचा फायदा शून्य.