गुन्हेगार आधीच कळला तरी चालेल असे जुने चित्रपट

फ्लॅट ५०२ :
सर्वांना नमस्कार. आमच्या घरी रात्री जेवणानंतर एखादा रहस्यपट लावला जातो आणि अर्धा होण्याच्या आतच कोणीतरी खुनी ओळखून मोकळे होते. मग पुढचा वेळ केवळ तो अंदाज खरा ठरतो का, हे पाहण्यातच जातो. जुन्या चित्रपटांतले, शक्यतो गुन्हा आणि कौटुंबिक नाट्य दोन्ही असलेले काही चांगले चित्रपट कोणी सुचवू शकेल का? पाहणाऱ्यांत सासूबाई आहेत आणि नववीतली मुलगीही आहे.

फ्लॅट १०४ :
ताई, खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवून ठेवण्यावरच ज्याची सारी भिस्त असते, तो चित्रपट एकदा पाहिला की संपतो. मी मात्र ज्या चित्रपटांकडे वर्षानुवर्षे परत जात आलो आहे, त्यांतल्या बहुतेकांत गुन्हेगार कोण हे आपल्याला लवकरच सांगून टाकलेले असते, आणि तरीही जागेवरून उठवत नाही. तेच तुम्हांला सुचवतो.

पहिला, बिली वाइल्डरचा १९४४ सालचा ‘डबल इन्डेम्निटी’. विमा एजंट असलेला नायक सुरुवातीलाच जखमी अवस्थेत आपल्या कार्यालयात येतो आणि ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसून खुनाची कबुली देऊ लागतो, त्यामुळे ओळखण्यासारखे काही उरतच नाही. खरी ओढ लागते ती त्याच्यात आणि विम्याचे दावे तपासणाऱ्या कीज या त्याच्या सहकाऱ्यात असलेल्या मैत्रीची, कारण खोटा दावा हमखास हुडकून काढणारा हा माणूस आपल्या शेजारच्याच माणसावर मात्र विश्वास ठेवून असतो. कीजच्या खिशात कधीच काडेपेटी नसते आणि नायक दर वेळी अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याचा चुरूट पेटवून देतो. ही सवय नीट पाहून ठेवा आणि शेवटच्या दृश्यात तिचे काय होते ते बघा. मला तिथे अजूनही गलबलून येते.

दुसरा, आणि माझ्या मते या साऱ्यांत मोठा, अकिरा कुरोसावाचा १९६३ सालचा ‘हाय अँड लो’. गोंदो हा बुटांच्या कंपनीतला संचालक कंपनी आपल्या हाती यावी म्हणून राहते घरसुद्धा गहाण टाकून पैसे उभे करतो, आणि नेमक्या त्याच दिवशी मुलगा पळवल्याचा फोन येतो. खंडणी तीन कोटी येनची असते. काही क्षणांतच त्याचा मुलगा खोलीत येऊन उभा राहतो, कारण अपहरणकर्त्याने चुकून ड्रायव्हरच्या मुलाला उचललेले असते. आता दुसऱ्याच्या मुलासाठी स्वतःचे सर्वस्व द्यायचे की नाही, एवढ्या एकाच प्रश्नावर जवळजवळ पहिला तासभर त्या दिवाणखान्यातच घडतो. मान खाली घालून कोपऱ्यात उभा असलेला तो ड्रायव्हर एकही शब्द न बोलता जे सांगतो, त्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा. पुढे खंडणीच्या बॅगेत पोलिसांना खुणेची पूड लपवायची असते, तेव्हा उमेदवारीपासून बूट शिवत वर आलेला गोंदो आपली जुनी हत्यारे मागवतो आणि जमिनीवर बसून स्वतःच बॅग शिवू लागतो. संपूर्ण चित्रपट कृष्णधवल असला तरी त्यात एकदा, एकाच जागी रंग दिसतो. तो कुठे, हे मी सांगत नाही.

फ्लॅट ३०१ :
काका, मुलीला सोबत घेऊन पाहायचा असेल, तर १९५७ सालच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’पासून सुरुवात करावी, असे मला वाटते. तो जेमतेम ९६ मिनिटांचा आहे. बासू चटर्जींनी त्याच कथेवर हिंदीत ‘एक रुका हुआ फैसला’ केला होता, तोही उत्तम आहे.

फ्लॅट १०४ :
वहिनी, अगदी योग्य सुचवलेत. खुनाचा आरोप असलेला मुलगा दोषी की निर्दोष हे ठरवायला बसलेले बारा ज्यूरी, पहिल्या मतदानात अकरा विरुद्ध एक, आणि जवळपास सर्व काही एकाच खोलीत. तरीही कंटाळा येत नाही, यामागे दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांची पक्की योजना आहे. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीहून वर असतो, मग तो पातळीवर येतो आणि अखेरच्या भागात खाली जातो, त्यामुळे छत दिसू लागते. शिवाय भिंगेही अशी बदलत नेली आहेत की भिंती माणसांच्या अंगाशी आल्यासारख्या वाटतात. ताई, मुलीला हे आधी सांगू नका. आपल्याला गुदमरल्यासारखे का होते आहे, हे तिला पाहून झाल्यावर विचारा.

फ्रिट्झ लांगचा १९३१ सालचा ‘एम’ मात्र मुलीसोबत आताच पाहू नये. त्याचा विषय बालहत्येचा आहे. हत्या पडद्यावर दिसत नाही. वाट पाहणाऱ्या आईची हाक, रिकामा जिना, जेवणाच्या टेबलावरचे न उष्टावलेले ताट आणि तारांत अडकलेला फुगा एवढेच दिसते, आणि म्हणूनच ते सहन होत नाही.

फ्लॅट २०३ :
मराठीचे नाव कोणी घेतले नाही, म्हणून लिहिते. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ सासूबाईंना नक्की आवडेल. निळू फुले यांचा हिंदुराव आणि डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर समोरासमोर येतात, तेव्हा ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून विजय तेंडुलकरांनी सत्ता आणि दारिद्र्य यांच्यातले सारे अंतर दाखवले आहे.

फ्लॅट ५०२ :
सर्वांचे मनापासून आभार. या शनिवारी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आणि रविवारी ‘सामना’ पाहण्याचे ठरवले आहे. काका, ‘हाय अँड लो’ जपानी असल्यामुळे सासूबाईंना कितपत झेपेल, अशी थोडी शंका वाटते.

फ्लॅट १०४ :
ताई, तो जवळजवळ अडीच तासांचा असल्यामुळे दोन दिवसांत विभागून पाहा; पैशांची बॅग घेऊन गोंदो रेल्वेत बसतो, तिथे पहिल्या दिवशी थांबलात तरी चालेल. उपशीर्षके मुलीने मराठीत सांगत जावीत. ड्रायव्हर गोंदोच्या पायांशी बसतो, त्या प्रसंगात मात्र तिला काहीच सांगावे लागणार नाही.