नागपूरचा मार्च 2021 चा लॉकडाऊन: त्या सात दिवसांचा हिशेब कोण देणार?

गांधीबागचा मुनीम

परवा कापडाच्या दुकानातल्या जुन्या वह्या झटकताना 2021 ची रोजकीर्द हाती लागली. 15 ते 21 मार्च, सात पानं कोरी. म्हटलं, जुनं भांडण एकदाचं काढूच.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: 11 मार्चला पालकमंत्री नितीन राऊत यांनी कोरोनामुळे शहरात आठवड्याचा कडक लॉकडाऊन जाहीर केला. किराणा, दूध, भाजी, औषधं चालू. कारखाने चालू. कापड बंद. मंगल कार्यालयं तर 25 फेब्रुवारीपासूनच बंद होती, म्हणजे लग्नसराईचा माल आधीच अंगावर पडलेला.

रोग खोटा होता असं मी म्हणत नाही. माझा साडू त्यातच गेला. पण त्याच आठवड्यात रोजचे रुग्ण तीन हजारांवर गेले आणि एप्रिलमध्ये सात हजारांवर. मग आमचं शटर पाडून मिळवलं काय? सरकारनं आमच्याकडून आठवडा उसना घेतला, त्या आठवड्यात खाटा किती वाढवल्या, ऑक्सिजनच्या टाक्या किती बसवल्या? शटर पाडायला एक सही पुरते, खाटेला पैसा लागतो. म्हणून आधी शटर.

रात्रपाळी

मुनीमजी, तुमच्या वहीत आजची विक्री आजच लिहितात. साथीची वही तशी चालत नाही. लागण झाल्यावर लक्षणं यायला पाचसहा दिवस, मग दोन दिवस काढा आणि क्रोसिन, मग टेस्ट, मग रिपोर्ट. 17 मार्चला दिसलेला रुग्ण साधारण लॉकडाऊनच्या आधीच्या गर्दीतला. आयसीयूत येणारा त्याहून आठवडाभर मागे.

आता खाटांचं. मी तेव्हा एका सरकारी कोविड वॉर्डात रात्रपाळीला नर्स होते. लोखंडी खाट संध्याकाळपर्यंत आणता येते हो. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर ऑक्सिजन असतो. मास्कवर मिनिटाला पंधरा लिटर लागणारा पेशंट तो पावणेआठ तासांत संपवतो. हाय फ्लोवर साठ लिटर लावले की दोन तासही पुरत नाही. आमच्याकडे पाइपलाइनचा दाब पडला की सिलिंडर जोडायचे. एका हातात पाना, डोळे काट्यावर, आणि पलीकडे दुसरा पेशंट मास्क काढून बसलेला. तीस पेशंटना आम्ही दोघी. तुम्ही म्हणाल तेवढ्या खाटा टाकल्या असत्या, पाना कुणाच्या हातात दिला असता? नर्स आठवड्यात तयार होत नाही.

म्हणून दारावरची गर्दी कमी करणं हाच तेव्हा हातात असलेला उपाय होता.

राजेहो

गर्दी कमी? ताई, आमच्या गल्लीत येऊन पाहाले पायजे होतं. मुनीमजीचं दुकान बंद, अन् भाजीच्या ठेल्यावर पन्नास माणूस. पोट्टे कोथिंबीर आनाले दिवसातून चारदा जात होते. त्या आठवड्यात जेवढी कोथिंबीर खाल्ली तेवढी जन्मात नाही खाल्ली बाप्पा!

गांधीबागचा मुनीम

@रात्रपाळी, तुमचं गणित मान्य. पण मग तुमच्याच गणितानं सात दिवसांचा लॉकडाऊन म्हणजे फरक दिसायच्या आत उठवायचा लॉकडाऊन. असला अर्धा डोस लिहिला कुणी?

रात्रपाळी

उठवला कुठे, सवलती देऊन 31 मार्चपर्यंत लांबवला. आणि दुकानं चार दिवस आधी उघडा म्हणून ओरडत कोण होतं तेही आठवा. अर्धा डोस होता हे मात्र खरं. फेब्रुवारीतच अमरावतीत रुग्ण वाढून 22 तारखेपासून तिथे लॉकडाऊन लागला होता. दीडशे किलोमीटरवरचा धूर आम्हाला दिसत होता. माझी तक्रार कडक केलं याची नाही, उशीर केला याची आहे.

छिंदवाड्याची सून

माहेर नागपुरातल्या सक्करदऱ्याचं, सासर मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचं. तुम्ही दोघंही नागपूरच्या खाटा नागपूरकरांनी भागता आहात. चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, वरून आमचे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, सगळ्यांचा दवाखाना नागपूरच. मग नागपूरची दुकानं बंद ठेवून आमच्या गावची लागण कशी थांबणार होती?

एप्रिलमध्ये सासऱ्यांना घेऊन रात्री अकराला निघालो. सावनेरला ऑक्सिमीटर 88. मानकापूर चौकात 84. चार ठिकाणी गेटवरूनच परत. पाचव्या खासगी दवाखान्यात खाट होती, पण काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आधी दीड लाख भरा, तेही रोख. महाराष्ट्राचा आदेश 21 मे 2020 पासून होता: 80 टक्के खाटांना बांधलेले दर, साधा वॉर्ड दिवसाला 4000, आयसीयू 7500, व्हेंटिलेटर असेल तर 9000. त्या काउंटरच्या मागे दरपत्रक चिकटवलेलंही होतं! नणंदेच्या बांगड्या कामी आल्या. सासरे वाचले, सतरा दिवसांनी घरी आले.

निर्बंध दुकानांवर घातले. या काउंटरवर कुणी घातले? मी या बाबतीत मुनीमजींच्या बाजूची, दुकानाच्या बाबतीत नाही.

वाडीवाला

'खाटा वाढवा' म्हणणाऱ्यांना एक आठवण. 9 एप्रिल 2021, नागपूरलगतच्या आमच्या वाडीत खासगी कोविड रुग्णालयाला आग, चौघं गेले. 9 जानेवारीला भंडाऱ्यात दहा बाळं. 21 एप्रिलला नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन दाब पडला, बावीस जण गेले, पुढे आकडा वाढला. वायरिंग, पाइप, टाक्या, सगळं रात्रंदिवस ताणलेलं. घाईत जोडलेली खाट कधी पेशंटच्या अंगावर येते. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून मी अँब्युलन्स मोजत होतो, तेव्हापासून माझं मत बदललं. दुकानं महिनाभर बंद राहिली असती तरी चाललं असतं.

गांधीबागचा मुनीम

तुम्हाला चाललं असतं. आमच्याकडे चार पोरं रोजंदारीवर होती. मालकानं मार्चचे अर्धे दिले, एप्रिलमध्ये 14 तारखेपासून राज्यभर पुन्हा बंद, तेव्हा काहीच नाही. बंद करा, हरकत नाही, पण त्या पोरांचं पोट कुणी धरायचं हे त्याच आदेशात लिहा.

राजेहो

हे मात्र बरोबर बोलले.

रात्रपाळी

यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडच्या कंत्राटी पोरींनाही दोन-दोन महिने पगार नव्हता, तो विषय काढला तर वेगळाच धागा होईल. भिलाईहून ऑक्सिजनचे टँकर यायचे, 23 एप्रिलला विशाखापट्टणमहून रेल्वेनं सात आले, त्यातले तीन इथे उतरले, बाकी नाशिककडे गेले. त्या रात्री वॉर्डात पहिल्यांदा कुणीतरी चहा प्यायलं. हे फक्त सांगितलं, वादासाठी नाही.

गांधीबागचा मुनीम

टँकरवरून आठवलं. त्या चार पोरांतला एक एप्रिलभर सिलिंडर भरायच्या प्लांटवर जात होता, गाडीत चढवा-उतरवायला. दिवसाचे पैसे दुकानापेक्षा जास्त मिळाले त्याला.

रात्रपाळी

त्याला मास्क, हातमोजे काही दिलं होतं का तिथे?

गांधीबागचा मुनीम

मास्क दिला होता म्हणे. हातमोजे आमच्याच दुकानातले घेऊन गेला, होजियरीचे. उधारीवर लिहिलेत, वहीत आहेत अजून.