हवामान बदलाशी झुंजायला पहिला पैसा कशावर: भिंतींवर की माणसांवर?

(चर्चेत चौघे: पाणकळा, त्रयस्थ, निशिगंधा आणि कालवा)

पाणकळा

हवामान बदलासाठी निधी मंजूर झाला की त्यातला मोठा भाग काँक्रीटमध्ये जातो. पूरभिंती, बंधारे, पंप. तेही लागतंच. पण पहिला पैसा वस्तीतल्या माणसांना एकमेकांशी जोडण्यावर खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

१९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या दोन शेजारशेजारच्या वस्त्या तपासल्या: नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. ऊन तेच, दोन्हीकडे गरिबी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाणही जवळपास सारखं. तरी उत्तरेकडे लाखामागे ४० मृत्यू आणि दक्षिणेकडे ४. उत्तरेकडची वस्ती ओस पडत चालली होती. कारखाने गेले, त्यांच्यामागून दुकानं गेली, रिकामी घरं उरली. म्हातारी माणसं भीतीने दारं-खिडक्या लावून आत बसली आणि आतच गेली. दक्षिणेकडे रस्ते गजबजलेले होते, म्हणून वृद्ध बाहेर पडले, थंडाव्याला दुकानांत जाऊन बसले.

दुसरं उदाहरण बांगलादेशाचं. १९७० च्या चक्रीवादळात किमान ३ लाख माणसं मेली. त्यानंतर १९७२-७३ मध्ये रेड क्रॉस आणि सरकारने मिळून गावोगाव स्वयंसेवक उभे केले. धोका वाढेल तसे ते जास्त बावटे चढवतात, भोंगा घेऊन घरोघर फिरतात, लोकांना निवाऱ्यात नेतात. २००७ च्या सिद्र वादळातही सुमारे ३,४०० माणसं गेली. तो आकडा लहान नाहीच, पण १९७० शी ताडून पाहा.

प्रत्येक वस्तीला माहीत हवं की एकटं कोण राहतं, अंथरुणाला कोण खिळलंय, ऑक्सिजनचं यंत्र कुणाला लागतं, वीज गेली तर इन्सुलिन कुठे ठेवायचं, निवाऱ्याची किल्ली कुणाकडे आणि कुणाच्या दारावर कोण थाप मारणार. आणि याची तालीम दरवर्षी व्हायला हवी. तुमचं मत सांगा.

त्रयस्थ

पूर्ण असहमत. तुमची उदाहरणं खरी आहेत, निष्कर्ष घातक आहे.

"समाजाने सक्षम व्हावं" हे सरकारांना फार आवडतं, कारण ते स्वस्त पडतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनमधल्या वलेन्सियात पूर आला तेव्हा काय झालं ते पाहा. हवामान खात्याने सकाळीच लाल इशारा दिला होता. लोकांच्या मोबाइलवर सूचना आली रात्री आठनंतर, तोवर कित्येक गावांत पाणी शिरलं होतं. २०० हून अधिक माणसं गेली. तिथे शेजारी एकमेकांना ओळखत नव्हते म्हणून नव्हे, ज्यांच्या हातात कळ होती त्यांनी ती वेळेवर दाबली नाही म्हणून. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवरचं लाहाइना शहर जळालं तेव्हाही भोंगे होते. वाजवलेच नाहीत.

आता पैशाचं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार विकसनशील देशांना हवामानाशी जुळवून घ्यायला वर्षाला २१५ ते ३८७ अब्ज डॉलर लागतील. २०२२ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधीतून मिळाले सुमारे २८ अब्ज. ज्यांनी धूर सर्वांत कमी सोडला, त्यांनाच आपण सांगायचं की तुम्ही एकमेकांचे हात धरा? देणेकऱ्यांकडे वसुलीला जायचं सोडून आपण घेणेकऱ्यांना काटकसर शिकवतोय.

निशिगंधा

माझी हरकत वेगळी आहे. "वस्ती", "समाज" म्हणताना त्यात कोण धरलंय?

२००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये बेघर झालेल्यांसाठी तात्पुरती ट्रेलर-घरं उभारायची होती. डॅनियल ऑल्ड्रिच हे राज्यशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्याने अभ्यास केला, तर ज्या भागांतले लोक नागरी कामांत जास्त सक्रिय, त्या भागांच्या वाट्याला ट्रेलर कमी आलेले. एकजूट भक्कम होती आणि ती बेघरांना लांब ठेवायला वापरली गेली. भाडेकरू, स्थलांतरित मजूर, ज्यांच्याशी उठबस नाही ती घरं, ही सगळी तुमच्या यादीत येतात की आधीच गळतात?

बांगलादेशातच १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी पटींनी जास्त मेल्या. गावात ओळखीपाळखी नव्हत्या असं नाही. पण घरच्यांच्या परवानगीची वाट पाहत, मुलांना सांभाळत त्या मागे थांबल्या. शिवाय परक्या पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्यात जायचा संकोच. जवळच्या माणसांनीच अडवलं तर शेजार काय कामाचा?

पाणकळा

निशिगंधा, हा मुद्दा कळीचा आहे. पण १९९१ नंतर काय बदललं तेही पाहू. स्त्री स्वयंसेवक वाढवल्या, म्हणजे घरातल्या बाईला बोलवायला बाईच दारात येऊ लागली. नव्या निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, कित्येक ठिकाणी गुरांसाठीही जागा झाली, कारण गुरं सोडून माणसं हलत नाहीत. हे सगळं गावात बसून, लोकांशी बोलूनच उमगतं.

त्रयस्थ, वलेन्सियाची दुसरी बाजूही आहे. तिथल्या विद्यापीठाने हवामान खात्याच्याच इशाऱ्यांवरून त्या दिवशीचे वर्ग बंद ठेवले. माहिती तीच, पण त्यांनी आधी ठरवलेलं होतं की अशी माहिती आली की काय करायचं. मी मागतो ती हीच तयारी.

त्रयस्थ

विद्यापीठ बंद ठेवायचा अधिकार विद्यापीठाला होता. गोदामातल्या कामगाराला तो नव्हता. इशारा वाचूनही तो कामावर गेला असेल, कारण खाडा केला तर पगार कापला जाईल किंवा नोकरी जाईल. त्याच्या वस्तीने दहा तालमी केल्या असत्या तरी तो त्या दुपारी गोदामातच असता. स्पेनने त्यानंतर महिन्याभरात कायदा बदलला: हवामानाचा धोका असेल तर कामगाराला चार दिवसांपर्यंत पगारी रजा. माणसं वाचवते ती ही गोष्ट, आणि ती फक्त सरकारच करू शकतं.

कालवा

माझं काम पूरनियंत्रणाचं आहे, म्हणून भिंतीबद्दल बोलतो. भिंत बांधली की तिच्या आडोशाला नवी घरं होतात, जमिनीचे भाव चढतात. लोक निर्धास्त होतात. मग भिंतीच्या क्षमतेपलीकडचं पाणी एकदा आलं की नुकसान आधीपेक्षा मोठं. कतरिनामध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कालव्यांच्या भिंती फुटल्या, त्यांच्या भरवशावरच तिथली वस्ती उभी होती.

तरी पाणकळा यांचा क्रम मला मान्य नाही. २०२१ च्या जुलैत जर्मनीत आर नदीला पूर आला. झिंत्सिग गावातल्या अपंगांच्या निवासात १२ जण तळमजल्यावर बुडाले. ती माणसं कुठे राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. यादीची गरजच नव्हती. गरज होती ती त्यांना पुराच्या पातळीवर झोपू न देण्याची आणि रात्रपाळीला पुरेशी माणसं असण्याची. एक इमारतीचा नियम, दुसरा पगाराचा खर्च.

नेदरलँड्समध्ये तेराव्या शतकापासून जलमंडळं आहेत. लोक मतदान करतात, मंडळ स्वतःचा कर घेतं, बांधांची देखभाल करतं. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर त्या देशाने बांध नुसते उंच करत बसण्याऐवजी नदीला जागा करून दिली: काही ठिकाणी बांध मागे सरकवले, काही कुटुंबांना हलवलं. लोकांशी वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या. आपण इथे दोन पक्षांत विभागून भांडतोय त्यातली बरीच कामं तिथे मंडळाच्या टेबलावर येतात, कारण त्या मंडळाकडे कर वसूल करायचा अधिकार आहे. बिनपगारी स्वयंसेवकांच्या समितीला वाटाघाटीत कोण विचारतो?

पाणकळा

कर घेण्याचा अधिकार वस्तीच्या पातळीवर यावा, याला माझा पूर्ण पाठिंबा. माझी मागणी पैशाचीच आहे, फुकट सेवेची नाही. थाप मारायला जाणाऱ्याला मानधन हवं, विमा हवा.

निशिगंधा

आणि यादी कुणाकडे राहणार? २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं उष्म्याने गेली, बहुतेक वृद्ध. पुढच्या वर्षी कायदा झाला: प्रत्येक नगरपालिकेने एकट्या आणि अशक्त माणसांची नोंदवही ठेवायची, लाट आली की फोन करायचे. नाव देणं ऐच्छिक आहे, त्यामुळे ज्यांना सर्वांत जास्त गरज, तेच पुष्कळदा नोंदवत नाहीत. एकट्या बाईला आपण एकट्या राहतो हे कागदावर लिहून द्यायची भीती वाटते, आणि ती रास्त आहे.

त्रयस्थ

ही यादी मलाही हवी आहे. पण ती कायद्याने बांधलेली असावी: कोण पाहू शकतं, किती काळ ठेवायची, आणि इशारा मिळूनही कुणी दारावर गेलं नाही तर जबाब कुणी द्यायचा. हे शेवटचं कलम असेल तर मी पाणकळा यांच्या बाजूने सही करतो.

पाणकळा

ते कलम हवंच. फक्त जबाब ज्या अधिकाऱ्याकडे मागायचा, त्याच्या हाताखाली थाप मारणारी माणसं आधी नेमलेली असू देत. नाहीतर चौकशी होईल, एखादा निलंबित होईल, आणि पुढच्या लाटेतही ते दार कुणी ठोठावणार नाही.