रोजच्या कॅलरींचा अंदाज: तुमचा हिशेब कुठे चुकला, कसा जुळला?

दिवसाला किती खावे याचा आकडा काढून देणारी सूत्रे आता सर्वांच्या हाताशी आहेत. मात्र तो आकडा आणि आपले शरीर यांचा मेळ बसेपर्यंत काय काय चुकले, हे सहसा कोणी लिहीत नाही. ते इथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

वय ४०, उंची १६० सेंमी आणि वजन ७० किलो असताना मी १९९० साली मांडलेले मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरले. वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा १६१ (पुरुषांसाठी शेवटी अधिक ५). उत्तर आले १३३९, म्हणजे दिवसभर नुसते पडून राहिले तरी शरीराला लागणारी ऊर्जा. इथवर सर्व ठीक होते. दिवसभराची एकूण गरज काढायला या आकड्याला ज्याने गुणायचे, तो हालचालीचा गुणक निवडताना मात्र मी स्वतःविषयी फार उदार झाले. आठवड्यातून तीनदा व्यायाम करते म्हणून १.५५ घेतला आणि २०७५ वर पोहोचले. उरलेला सगळा वेळ खुर्चीत जातो, हे सोयीस्करपणे विसरले. बैठ्या दिनक्रमाचा १.२ घेतला असता तर १६०७ आले असते. २०७५ मधून ३०० वजा करून मी दोन महिने काटेकोरपणे खाल्ले आणि वजन तसूभरही हलले नाही. तेव्हा लक्षात आले की ‘कमी’ म्हणून जे १७७५ मी खात होते, तीच माझी खरी गरज होती. सूत्राने जे सांगितले नाही, ते त्या दोन महिन्यांच्या नोंदींनी सांगितले.

---

माझा गुणक बरोबर होता, नोंदी चुकीच्या होत्या. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, तर कर्बोदके आणि प्रथिनांच्या एका ग्रॅममध्ये प्रत्येकी ४. हे पाठ असूनही मी तेल कधी मोजलेच नव्हते, कारण ते ताटात दिसत नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि असे तीन चमचे रोज माझ्या वाट्याला येत होते. दुसरी चूक तांदळाची: शिजवलेला भात तोलून नोंद मात्र कच्च्या तांदळाची करत असे. शिजताना पाणी शोषले जात असल्याने १०० ग्रॅम भातात १०० ग्रॅम तांदळाच्या निम्म्याहूनही कमी कॅलरी असतात. गंमत म्हणजे या दोन चुका एकमेकींना काही अंशी झाकत होत्या.

---

पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून मी हरखलो होतो. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे कर्बोदकांच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि खाणे कमी होताच आधी तेच जाते, हे नंतर कळले.

---

मासिक पाळीच्या आधी माझे वजन दरवेळी किलोभर वाढत असे आणि मी घाबरून दुसऱ्याच दिवशी जेवण तोडत असे. आता रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढते आणि ती गेल्या महिन्याच्या त्याच टप्प्यातील सरासरीशी ताडून पाहते. आकड्यात बदल करायचा तर एका वेळी १०० ते १५० कॅलरींचाच.

---

माझा अनुभव उलट्या टोकाचा आहे आणि तो लिहिताना थोडा संकोच वाटतो. लवकर निकाल हवा म्हणून मी १००० कॅलरींवर उतरले. मला सतत थंडी वाजू लागली, केस गळू लागले, पाळी अनियमित झाली, आणि मी नकळत हालचालच कमी करू लागले: जिना टाळणे, बसल्या जागी हाका मारणे. अर्थात खर्चही घटला. डॉक्टरांच्या सल्ल्याने दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत १८०० पर्यंत आले. आठव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी आपणहून फिरायला बाहेर पडले, तेव्हा घरातल्यांनी घड्याळाकडे पाहिले.