मदत हवी आहे: सिंक्लेअरवर संगणकाचा धंदा विकायची वेळ नेमकी कशामुळे आली?

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी इलेक्ट्रॉनिक्स मंडळात पुढच्या महिन्यात मला जुन्या घरगुती संगणकांवर बोलायचं आहे. सिंक्लेअर रिसर्च (स्वस्त घरगुती संगणक बनवणारी ब्रिटिश कंपनी) हा विषय मीच मागून घेतलाय. माहिती भरपूर जमलीय, पण काही ठिकाणी गाडी अडलीय. जाणकारांनी हात द्यावा.

सुरुवातीची कथा सरळ आहे. १९७८ साली केंब्रिजमधून एमके१४ नावाचं, घरी जोडायच्या संगणकाचं किट ३९.९५ पौंडांना बाजारात आलं. कंपनी क्लाइव्ह सिंक्लेअरची, पण रोजचा कारभार बघायचा ख्रिस करी. करीला संगणकातच पुढे जायचं होतं, सिंक्लेअरला तेव्हा त्यात फारसा रस नव्हता. मग करीने हर्मन हाउझरला सोबत घेऊन वेगळी चूल मांडली, तीच पुढची एकॉर्न. १९८१ मध्ये बीबीसीच्या संगणकाचं कंत्राट एकॉर्नला मिळालं आणि सिंक्लेअर आणि करी यांच्यातलं वैर उघड झालं. डिसेंबर १९८४ मध्ये तर केंब्रिजच्या एका पबमध्ये एका जाहिरातीवरून सिंक्लेअरसाहेबांनी करीवर हात उगारला. (तोवर ते 'सर' झाले होते, हे विशेष.)

मला खरी मजा वाटते ती यंत्रांच्या आतल्या काटकसरीची. १९८० चा झेडएक्स८० तयार स्थितीत ९९.९५ पौंडांना, मेमरी १ किलोबाइट. टीव्हीवर चित्र काढायला वेगळी चिप नाहीच, ते कामही प्रोसेसरच्याच गळ्यात. त्यामुळे आकडेमोड सुरू झाली की पडदा रिकामा, आणि एकेक बटण दाबलं तरी चित्र दचकायचं! पुढच्या वर्षीच्या झेडएक्स८१ मध्ये फेरांटी कंपनीची खास चिप वापरून सगळा कारभार चार चिपांत बसवला आणि किंमत ६९.९५ वर आणली. मागे खोचायचा १६ के (किलोबाइट) मेमरीचा डबा जरा हलला की तासाभराचा प्रोग्रॅम गायब. १९८२ च्या स्पेक्ट्रममध्ये रंग आले, पण तिथेही हात आखडताच: ८ बाय ८ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग. म्हणून खेळातला माणूस झाडासमोरून गेला की झाडाचाही रंग बदलायचा. १६ के १२५ पौंडांना, ४८ के १७५ ला. त्या काळी या भावात रंगीत संगणक देणं म्हणजे कमालच.

आता अडचणी.

पहिली: एप्रिल १९८६ मध्ये संगणकाचा धंदा आणि सिंक्लेअर हे नाव प्रतिस्पर्धी कंपनी अ‍ॅमस्ट्रॅडच्या अ‍ॅलन शुगरना ५० लाख पौंडांत विकलं गेलं. जो तो म्हणतो की सी५ या तीनचाकी गाडीने कंपनी बुडवली. मला हे पटत नाही. सी५ जानेवारी १९८५ मध्ये आली आणि सपशेल आपटली, हे खरं. पण ती वेगळ्या कंपनीची होती, आणि त्यासाठी सिंक्लेअरने स्वतःचे काही शेअर विकून पैसा उभा केला होता. माझ्या मते खरी कारणं दोन. एक म्हणजे क्यूएल हा स्पेक्ट्रमनंतरचा संगणक: जानेवारी १९८४ मध्ये ३९९ पौंडांना घाईघाईने जाहीर केला, तेव्हा यंत्र तयारच नव्हतं. दुसरं म्हणजे त्याच वर्षीच्या नाताळाला मोठ्या विक्रीच्या आशेने केलेला आणि मग पडून राहिलेला माल. १९८५ च्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांचा मालक रॉबर्ट मॅक्सवेल कंपनी विकत घ्यायला पुढे आला आणि मागे फिरला, त्यावरून घरात किती टंचाई होती ते कळतंच. यातलं कुठलं कारण जास्त भारी पडलं? कुणी कंपनीचे त्या वर्षांचे हिशेब पाहिलेत का?

दुसरी आपल्या घरची. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरचा परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' इथे विकला. अ‍ॅमस्ट्रॅडकडे मालकी गेल्यावर त्या परवान्याचं काय झालं? सुटे भाग बाहेरून यायचे की काही इथेही बनायचे? तिथे काम केलेलं कुणी, किंवा ज्यांच्या शाळेत-घरात हे यंत्र होतं असं कुणी इथे असेल, तर आठवणी हव्या आहेत. जुनी जाहिरात किंवा पावती असेल तर दुधात साखर.

तिसरी तांत्रिक. एका स्नेह्यांकडून असा एक स्पेक्ट्रम प्लस भाषणापुरता मिळतोय. तो अँटेनाच्या वायरीतून चॅनल ३६ वर चित्र देतो, आणि मंडळातला प्रोजेक्टर फक्त पिवळी पिन (कॉम्पोझिट व्हिडिओ) घेतो. मॉड्युलेटरच्या (चित्र टीव्हीच्या चॅनलवर चढवणाऱ्या भागाच्या) डबीतली जोडणी सोडवून बोर्डावरचा कॉम्पोझिट सिग्नल थेट पिनेवर आणतात हे वाचलंय, पण यंत्र दुसऱ्याचं आहे, डबी उघडायला हात धजावत नाही. डाग न देता काही मार्ग आहे का? जुना व्हीसीआर मधे घालून चालेल का? अ‍ॅडॉप्टरचं बघून ठेवलंय: ९ व्होल्ट, आणि पिनेच्या मध्यभागी ऋण, म्हणजे नेहमीच्या उलट. त्यामुळे कपाटातला कुठलाही अ‍ॅडॉप्टर लावणार नाही, काळजी नसावी.

तिसऱ्याचं उत्तर आधी मिळालं तर बरं, यंत्र दोनच दिवस हातात असेल.