मुलाचं बीपी १३४/८४. मोबाईल कमी केला तर उतरेल का?

शेवंती:
मुलगा १५ वर्षांचा, उंची १६८ सेंमी, वजन ८२ किलो, कंबर ९४ सेंमी. अभ्यास सोडून रोज ५-६ तास मोबाईलवर गेम, त्यातले निम्मे रात्री. घरच्या यंत्रावर बीपी १३४/८४. दंडाचा घेर ३४ सेंमी आहे, पट्ट्यावर २२–३२ छापलंय. स्क्रीन २ तासांवर आणून फरक पडेल का?

गवतीचहा:
ताई, आधी पट्टा बदला. ३४ च्या दंडाला ३२ पर्यंतचा पट्टा आवळला की आकडा फुगूनच येतो. जाड मुलांत ही चूक सर्रास होते. यंत्राच्याच कंपनीचा मोठा पट्टा घ्या. मोजण्याआधी लघवीला जाऊन येऊ दे, मग ५ मिनिटं गप्प बसवा: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात टेबलावर छातीच्या उंचीला. गेम संपल्या संपल्या अजिबात नको, अर्धा तास जाऊ द्या. मिनिटामिनिटाने ३ वेळा मोजा, पहिला आकडा सोडून उरलेल्या दोघांची सरासरी वहीत. सकाळ-संध्याकाळ ७ दिवस. या वयात १२०/८० च्या आत ठीक. वरचा १३० किंवा खालचा ८० गाठत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे. १४०/९० दिसत राहिलं तर ७ दिवस थांबूच नका.

पाटीपेन्सिल:
बीपी काहीही निघो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २९ आहे आणि कंबर उंचीच्या निम्म्याहून, म्हणजे ८४ हून, बरीच पुढे. उपाशीपोटी साखर, लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) करून घ्याच. रिपोर्ट वाचताना एक गोम: लॅबच्या कागदावर ट्रायग्लिसराइड (लिपिडमधलाच एक आकडा) १५० पर्यंत नॉर्मल असतं, ती मोठ्यांची हद्द. किशोरवयात १३० पासूनच जास्त. मानेवर काळसर, मखमली पट्टा दिसतो का? तो मळ नव्हे, घासू नका. डॉक्टरांना दाखवा.

तिन्हीसांजा:
आता मूळ प्रश्न. २०११ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांत पाहिलं, तर वरच्या बीपीचा संबंध व्हिडिओ गेमशी दिसला, टीव्हीशी नाही. अर्थात संबंध म्हणजे कारण नव्हे. त्यामुळे सरसकट २ तासांपेक्षा आधी रात्रीचे तास कापा. १० नंतर घरातले सगळे फोन, तुमचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. गजराचं साधं घड्याळ आणा, नाहीतर ‘गजरासाठी हवा’ म्हणून फोन उशाशी परत येतो. झोप ८ ते १० तास हवी.

मर्यादा मिनिटांत घालू नका, सामना अर्ध्यात तुटला की भांडण ठरलेलं. ‘आज ३ सामने’ असं ठरवा, प्रत्येकानंतर दोन मजले जिना. तो ६० मिनिटांच्या रोजच्या व्यायामात धरू नका, ती तासभराची दमछाक वेगळी.

आणि खेळताना हातात काय असतं? पाकिटावर सोडियम ८०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर अडीचने गुणा: २ ग्रॅम मीठ. दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम.

शेवंती:
वेफर्स आणि शेव, रोज. पट्टा मागवते. दंडाचा घेर कोपराच्या जरा वर मोजला होता, चालेल ना?

गवतीचहा:
नाही. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून मोजा. तिथे आणखी २-३ सेंमी भरतील, त्या मापाने मागवा.